डोक्यावरची रेघ

प्रशिक्षणाच्या पहिल्या दिवशी मी बासरी घरी विसरलो आणि ती द्यायला वहिनी आली, म्हणून पुढचं सगळं घडलं. नाहीतर वहिनीचा या भानगडीशी काडीचाही संबंध नव्हता.

भानगड अशी. शहरातल्या कलावंतांनी शाळांत जाऊन मुलांना आपापली कला शिकवावी, असं पालिकेच्या शिक्षण खात्याने ठरवलं होतं. कलावंतांना शिकवता येत नाही हे खात्याला ठाऊक असावं, कारण आधी आठ दिवसांचं प्रशिक्षण होतं. शेवटच्या दिवशी खऱ्या वर्गावर खरा तास घ्यायचा, खात्याचे साहेब येऊन बघणार, आणि त्यांची मान हलली तर एका सत्रासाठी शाळा मिळणार. मी वीस वर्षं हॉटेलांत आणि समारंभांत बासरी वाजवत आलो होतो. ऐकणाऱ्याच्या तोंडात घास नसेल अशा ठिकाणी एकदा तरी वाजवावं, एवढ्या एका इच्छेपोटी मी अर्ज भरला.

प्रशिक्षण एका जुन्या शाळेच्या खोलीत होतं. बाक पहिली-दुसरीच्या मुलांचे. आम्ही बारा कलावंत गुडघे हनुवटीला लावून बसलो होतो. शिकवायला होत्या एक निवृत्त शिक्षिका. उंची जेमतेम फळ्याच्या खालच्या कडेपर्यंत, आवाज मात्र गच्चीवरून हाक मारल्यासारखा. त्यांना सगळे नुसतं ‘बाई’ म्हणत.

बाई हजेरी घेत होत्या आणि दारात वहिनी उभी राहिली. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेली माझी बासरी.

“उशीर झाला,” बाई म्हणाल्या. “बसा.”

“मी नुसती ही बासरी द्यायला...”

“द्या आणि बसा.”

माझी वहिनी दुकानदारांशी भांडते, वाहतूक पोलिसांशी हुज्जत घालते, आणि माझा दादा म्हणजे तिचा नवरा तर तिच्यापुढे तोंडच उघडत नाही. पण शिक्षकांपुढे तिचं काही चालत नाही. चौथीत शाळा सुटली तेव्हाची ती भीती बावन्नाव्या वर्षीही तशीच ताजी होती. ती मुकाट्याने येऊन माझ्या शेजारी बसली.

“तुमची कला कोणती?” बाईंनी विचारलं.

“कला कसली हो. मी पाट्या रंगवते.”

“कसल्या पाट्या?”

“दुकानांच्या, दवाखान्यांच्या. ‘येथे गाडी लावू नये.’ ‘कुत्र्यापासून सावध.’”

“हाताने?”

“मग काय पायाने?”

सगळा वर्ग हसला. आपण काय बोललो हे कळताच वहिनीने जीभ चावली. बाई हसल्या नाहीत. त्यांनी हजेरीपटात तेराव्या ओळीत वहिनीचं नाव लिहिलं आणि पुढे कंसात ‘अक्षरकार’ असं लिहिलं. वहिनीने ते वाकून वाचलं. त्यानंतर ती घरी जायचं नावच काढेना.

मागच्या बाकावर एक शिल्पकार होते. सहा फुटांचे, भरघोस दाढीचे, शहरातले दोन पुतळे त्यांच्या हातचे. त्यांनी घसा साफ करून विचारलं, “पाट्या रंगवणं हे कलेत येतं का?” उत्तर मिळायच्या आत त्यांच्या वजनाने बाकाचा पाय मोडला आणि ते जमिनीवर आले. बाई म्हणाल्या, “पहिला धडा. वर्गात कोणीही उंच नसतं.”

बाईंचं प्रशिक्षण म्हणजे अजब प्रकार होता. एकाने शिकवायचं आणि बाकीच्यांनी मुलं व्हायचं. मुलं म्हणून कसं वागायचं त्याच्या चिठ्ठ्या बाई वाटत. कुणाला ‘तुला सगळं आधीच येतं’, कुणाला ‘तुला सारखी शू लागते’, कुणाला ‘तू शेजाऱ्याला चिमटे काढतोस’. टेबलावर अंडी उकडायचं घड्याळ ठेवलेलं असे, तीन मिनिटांवर लावलेलं. तेवढ्या वेळात मुलांच्या हातात काहीतरी पडलंच पाहिजे. नाही पडलं तर घंटी वाजायची, बाई ‘अहो’वरून ‘अरे’वर यायच्या आणि तास संपायचा.

शिल्पकारांनी दगडाच्या वयापासून सुरुवात केली. ते लाव्हारसापर्यंत पोचले आणि घंटी वाजली.

“बस खाली,” बाई म्हणाल्या.

“अजून माझी प्रस्तावनाच चालू आहे.”

“प्रस्तावना ऐकायला मूल शाळेत येत नाही. दगड दे त्यांच्या हातात.”

मी दोन मिनिटं अकरा सेकंदांत सगळ्यांच्या हातात बासऱ्या दिल्या, त्या आनंदात पुढे काय करायचं तेच विसरलो, आणि सतरा मिनिटं वर्गात नुसता भोंगे फुटल्यासारखा आवाज येत राहिला. बाई म्हणाल्या, “हे जरा बरं आहे.”

वहिनीचं मात्र काहीतरी झालं होतं. पहिल्या दिवशी ती हात वर करून, परवानगी घेऊन पाणी प्यायला गेली. दुसऱ्या दिवशी तिने चिमटे काढायची चिठ्ठी इतक्या मनापासून निभावली की माझ्या दंडावर निळा डाग पडला. तिसऱ्या दिवशी तिला चिठ्ठी मिळाली, ‘तुझं लक्ष खिडकीबाहेर असतं.’ शिल्पकार शिकवत होते. वहिनी पाच मिनिटं खिडकीबाहेर बघत बसली, मग उठली, साडी खोचली आणि खिडकीतून बाहेर गेली. खोली तळमजल्यावर होती, तरी बावन्न वर्षांच्या बाईने तसं जाणं कुणाच्या चिठ्ठीत नव्हतं.

शिल्पकार घाबरून खिडकीशी गेले. “अहो ताई, आत या.”

“मी ताई नाही, मी सात वर्षांची आहे,” बाहेरून आवाज आला. “इथे एक सरडा आहे.”

शिल्पकारांनी एकदा बाईंकडे पाहिलं, एकदा खिडकीकडे. मग वाकून म्हणाले, “किती मोठा?” आणि तेही खिडकीतून बाहेर गेले. पाठोपाठ अख्खा वर्ग. त्या दिवशी आम्ही सरड्याचं शिल्प केलं, आणि शिल्पकारांना बाईंकडून पहिल्यांदा ‘शाब्बास’ मिळालं. पासष्ट वर्षांचा तो माणूस कानापर्यंत लाल झाला.

घरी आल्यावर आम्ही दादावर सराव करायचो. दादा शहर बस चालवतो. संध्याकाळी थकून आला की त्याला खुर्चीवर बसवायचं आणि आळीपाळीने शिकवायचं. मी त्याला बासरीत फुंकायला लावलं. त्याने अर्धा तास इतक्या जोरात फुंकलं की सूर आला नाही पण भोवळ आली, आणि तो हसत हसत पलंगावर आडवा झाला.

“मला यात काय मिळतं?” आडवा पडूनच त्याने विचारलं.

“शिक्षण,” वहिनी म्हणाली.

“ते नको. चहा मिळेल का?”

“आधी हात वर कर.”

दादाने हात वर केला. लग्न झाल्यापासून तिला त्याच्याशी इतकं लाडाने बोलताना मी पाहिलं नव्हतं. लग्नात मी नऊ वर्षांचा होतो. तेव्हाही तिने मला रीतीप्रमाणे ‘भाऊजी’ आणि ‘तुम्ही’ म्हटलं होतं, आणि मी नाक पुसत मोठ्या ऐटीत ते ऐकून घेतलं होतं. तेव्हापासून ती मला भाऊजीच म्हणते, मी तिला अगं-तुगं करतो, आणि आमचं छान चाललं आहे.

आठव्या दिवशी खरा तास. जोड्या लावलेल्या होत्या. मी आणि वहिनी एका शाळेत, पाचवीच्या वर्गावर. मी आधी वीस मिनिटं, मग ती. निरीक्षणाला बाई आणि, मदतनीस म्हणून, शिल्पकार. साहेब मागाहून येणार होते.

वहिनीची तयारी बघण्यासारखी होती. तीस जाड ब्रश, सहा डबे रंग, हात टेकवायची काठी, आणि पुठ्ठ्यांवर पेन्सिलीने आखलेले पाचवीच्या मुलांना येतील असे शब्द. रात्री ती झोपेत ‘तीन मिनिटं’ म्हणून ओरडली, असं दादाने सांगितलं.

शाळेच्या दारातच मुख्याध्यापिका भेटल्या. चष्मा, कडक इस्त्री, हातात किल्ल्यांचा जुडगा.

“पाचवी लस टोचून घ्यायला गेली आहे,” त्या म्हणाल्या. “तुम्ही पहिली घ्या. आणि रंग चालणार नाहीत. भिंती गेल्याच महिन्यात रंगवून घेतल्यात.”

वहिनीचा चेहरा उतरला. “पहिलीला अक्षरं येतात?”

“सत्र सुरू होऊन आठवडा झालाय. ‘अ’ चालू आहे.”

वहिनी माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, “भाऊजी, रंग नाही आणि अक्षरं नाहीत. मी काय शिकवू, काठी?”

मला सुचलं ते मी बोललो. “आधी मी आहे ना. तोवर विचार कर.”

मी वर्गात शिरलो. तीस मुलं, अर्ध्यांचे पुढचे दात पडलेले. दोन मिनिटांच्या आत प्रत्येकाच्या हातात बोरूची छोटी शिट्टी दिली. ज्यांचे दात शाबूत होते त्यांना वाजवता आली आणि ज्यांचे नव्हते त्यांना त्याहून जोरात आली. शेजारच्या वर्गातली मुलं दारात जमली. मी म्हटलं, आता लांब श्वास घ्या आणि एकच सूर, जितका लांबवता येईल तितका. मी बासरीवर सुरुवात करून दिली. एक बुटकी मुलगी, दोन वेण्या, डाव्या पायाच्या बुटाची नाडी सुटलेली, डोळे गच्च मिटून वाजवत राहिली. सगळे थांबले तरी ती थांबेना. मी थांबलो तेव्हा तिने एक डोळा उघडला आणि म्हणाली, “हरला.”

वर्गात जो जल्लोष उठला त्यात माझा तास कधी संपला ते मला कळलंच नाही. मागे वळून पाहिलं तर वहिनी दारात नव्हती. ती अंगणात होती. शिल्पकारांच्या दोन्ही हातांत पाण्याने भरलेल्या बादल्या होत्या, आणि मोठे पुतळे करणारा तो माणूस नळापासून भिंतीपर्यंत पाणी न सांडता चालायचा प्रयत्न करत होता.

“माझ्या उस्तादांनी मला पहिला महिना रंगाला हात लावू दिला नव्हता,” वहिनी बाईंना सांगत होती. “नुसतं पाणी आणि भिंत. उन्हात वाळलं की परत काढ. पाण्याने भिंतीला काही होत नाही ना?”

“होत नाही,” बाई म्हणाल्या आणि त्यांनी घड्याळ लावलं.

मुलं बाहेर आली. एका मिनिटात तीस हातांत तीस ओले ब्रश होते. वहिनीने घसा खाकरला.

“पाटी रंगवताना,” ती म्हणाली, “अक्षरं नंतर. पहिल्यांदा काढायची ती डोक्यावरची रेघ. ही सरळ असली की अक्षरं तिला आपोआप लटकतात. ही रेघ काढताना श्वास मध्ये तोडायचा नाही. श्वास तुटला की रेघ वाकडी.”

“किती लांब काढायची?” एकाने विचारलं.

“श्वास असेल तेवढी.”

“माझा लहान आहे,” तो म्हणाला.

तेव्हा माझ्या डोक्यात काय आलं कोण जाणे. मी म्हटलं, “माझा घ्या. मी वाजवतो, सूर चालू आहे तोवर रेघ चालू.”

मी सूर धरला. तीस ब्रश भिंतीला लागले. कोरड्या पिवळ्या भिंतीवर तीस गडद ओल्या रेघा सरकू लागल्या. सूर संपला, रेघा थांबल्या. “परत,” मुलं ओरडली. मी परत धरला. चौथ्या वेळी दोन वेण्यांच्या मुलीने माझ्याकडे मान वळवून बघितलं आणि तिच्या मनात काय आहे ते मला कळलं. ती मला पुन्हा हरवणार होती.

सूर सुरू झाला आणि ती चालू लागली. ब्रश भिंतीला, पाय भिंतीच्या कडेने. बाकीच्यांच्या रेघा संपल्या, हिची कोपऱ्यापर्यंत पोचली. मी थांबणार होतो, पण बाई माझ्या कानाशी म्हणाल्या, “खबरदार थांबलास तर.” मी नाकाने श्वास ओढत वाजवत राहिलो आणि तिच्या मागे चाललो. मागून शिल्पकार बादली घेऊन धावत होते, कारण ब्रश कोरडा पडला की ती न थांबता हात मागे करायची आणि त्यांनी बादली पुढे धरायची. त्यांच्या मागे एकोणतीस मुलं, आणि सगळ्यात पुढे उलट्या पावलांनी चालणारी वहिनी.

“सरळ. खांद्यातून हात हलव. मनगट नको. शाब्बास माझे राणी.”

कोपरा ओलांडला. रेघ दुसरीच्या वर्गाच्या खिडकीखालून गेली, खिडकीत डोकी आली आणि थोड्याच वेळात ती डोकी दारातून बाहेर पडली. पाण्याच्या टाकीवरून गेली, जिन्याखालच्या अंधारातून गेली. माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकू लागले होते. रेघ मुख्याध्यापिकांच्या खोलीच्या भिंतीवर आली आणि तिथे दार होतं. दार बंद होतं. मुलगी दारावरूनही रेघ काढत निघाली, तेवढ्यात दार आतून उघडलं.

ब्रश मुख्याध्यापिकांच्या कडक इस्त्रीच्या साडीवर टेकला आणि तसाच एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत गेला. मुलीने डोळेसुद्धा वर केले नाहीत. दाराच्या पलीकडे पुन्हा भिंत लागली आणि ती पुढे गेली.

माझा सूर तिथे मेला. मुख्याध्यापिकांनी कमरेच्या ओल्या पट्ट्याकडे पाहिलं.

“हे काय आहे?”

मी वहिनीकडे पाहिलं. चौथीतली भीती परत आली असणार. तिच्या ओठांचा नुसता थरथराट झाला. मग मला दिसलं की तो भीतीचा नाही, ती हसू दाबते आहे. तिने तोंडावर पदर धरला आणि पदराआडून म्हणाली, “डोक्यावरची रेघ आहे बाई. सरळ आली आहे.”

मुख्याध्यापिकांनी डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. त्यांच्या दोन्ही बाजूंनी रेघ एका पातळीत गेली होती. त्यांच्या चेहऱ्याचं काहीतरी सुरू झालं. आधी नाक, मग गाल. मग चष्मा काढावा लागला. त्या हसायला लागल्या तशी मुलांना परवानगी मिळाल्यासारखं झालं, आणि दोन वर्ग, बाई, शिल्पकार सगळे भिंतीला टेकून हसू लागले. शिल्पकारांची बादली पायावर उपडी झाली तरी त्यांना थांबता येईना.

“आणि या रेघेला लटकवणार काय?” डोळे पुसत मुख्याध्यापिकांनी विचारलं. “यांना अक्षरं कुठे येतात.”

“जे येतं ते लटकवतील,” वहिनी म्हणाली.

मुलांनी लटकवलं. मांजर, छत्री, आजोबा, पंखा, पोळपाट की चंद्र कळत नाही असं काहीतरी, आणि एकाने एकुलता एक ‘अ’, उलटा. सगळं त्या ओल्या रेघेखाली. ऊन असं होतं की इकडचं वाळत होतं आणि तिकडचं नवं उगवत होतं. जे वाळलं ते मुलं पुन्हा काढत होती. मुख्याध्यापिकांनी एक ब्रश मागून घेतला आणि किल्ली काढली. बरी आली होती.

साहेब आले तेव्हा भिंती वाळल्या होत्या. मुलं वर्गात गेली होती. साहेबांच्या हातात चार पानी तक्ता होता.

“मुलांच्या कामाचे नमुने?” त्यांनी विचारलं.

“वाळले,” वहिनी म्हणाली.

“म्हणजे?”

बाईंनी सांगायला सुरुवात केली, पण साहेबांना काही बोध होईना. त्यांनी पेनाचं टोपण काढलं आणि नमुन्यांच्या रकान्यापाशी पेन टेकवलं. तेवढ्यात पहिलीची सुट्टी झाली आणि ती तीस मुलं साहेबांवर येऊन आदळली. कुणी बाही धरली, कुणी तक्ता, कुणी बोट. “इथे माझं मांजर होतं.” “इथे माझा पंखा.” “इथे काका हरले.” दोन वेण्यांच्या मुलीने त्यांचा हात धरून त्यांना संपूर्ण शाळेभोवती फिरवलं, रिकाम्या भिंतीवर बोट ठेवत, एकदाही बोट वरखाली न होऊ देता. ते परत आले तेव्हा धापा टाकत होते. मग नमुन्याच्या रकान्यात त्यांनी एक आडवी रेघ ओढली, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि वहिनीला विचारलं, “सरळ आहे का?”

“मनगटातून काढलीत,” वहिनी म्हणाली. “सरावाने येईल.”

तिला तीच शाळा मिळाली, आठवड्याला चार तास. मुख्याध्यापिका सहा मागत होत्या. वहिनी म्हणाली, दवाखान्याची मोठी पाटी अर्धी राहिली आहे, चारच जमतील. मलाही शाळा मिळाली, शिल्पकारांच्या जोडीला, आणि माझ्या तक्त्यावर शेरा होता, ‘श्वास वाढवावा.’

घरी येताना आम्ही दोघं धड चालू शकत नव्हतो. एक जण गंभीर झाला की दुसरा ‘हे काय आहे’ म्हणायचा आणि पुन्हा रस्त्यात उभं राहावं लागायचं. दादा नुकताच कामावरून आला होता. तो दारातच उभा होता, अंगावर अजून बसचा गणवेश.

“काय झालं? पास की नापास?”

वहिनी सांगायला लागली, “अरे, ती साडी...” आणि उंबऱ्यावरच बसली. मी म्हटलं, “ती मुलगी थांबेचना, आणि दार उघडलं...” माझंही पुढे जाईना.

“कुणाची साडी? कसलं दार?”

वहिनीने हाताने हवेत एक लांब आडवी रेघ काढली, कमरेच्या उंचीवर, आणि तिला ठसका लागला. दादा आमच्याकडे आळीपाळीने बघत राहिला. त्याला एक अक्षर कळलं नव्हतं. त्याने बसची टोपी काढली, ओठ घट्ट मिटले, पण खांदे हलायला लागलेच, आणि मग तोही आमच्याशेजारी उंबऱ्यावर टेकून हसू लागला.